मंडळाच्या रॉकेटचा तोल

१

रॉकेट उडालं तशा टाळ्या पडल्या, आणि टाळ्या थांबायच्या आत किंकाळी ऐकू आली.

मानेसरच्या अलीकडे नव्या सेक्टरसाठी प्लॉट आखून ठेवले होते. रस्ते तयार होते, दिव्याचे खांब उभे होते, घरं मात्र अजून बिल्डरांच्या पाट्यांवरच होती. त्या मोकळ्या जागेत दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या मराठी मंडळाने संक्रांतीची सहल नेली होती. सतरंज्या पसरल्या होत्या, तिळगुळाचे डबे फिरत होते, हलव्याचे दागिने घातलेलं एक तान्हं बाळ मांड्या बदलत होतं. आणि पलीकडे, दोरी बांधून आखलेल्या चौकोनात, लोखंडी सळईच्या आधाराने क्षेपणास्त्राचं मॉडेल उभं होतं. कमरेएवढ्या उंचीचं, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं, उन्हात झळाळणारं. पोखरणच्या चाचण्यांना वर्षही झालं नव्हतं. त्या हिवाळ्यात मंडळातल्या प्रत्येकाला क्षेपणास्त्रातलं थोडंथोडं कळू लागलं होतं.

ते झाडाच्या शेंड्याइतकं वर गेलं. मग त्याने मान टाकली, हवेत दोन कोलांट्या घेतल्या आणि इंजिन पेटतं असतानाच आडवं होऊन माणसांकडे आलं.

दोरीशी सुखदा सबनीस कॅमेरा घेऊन उभी होती. चेहरा वाचवायला तिने उजवा हात पुढे केला. रॉकेटच्या लाकडी पंखाची धार तिच्या तळव्यातून मनगटापर्यंत गेली.

मृणाल रेगे धावली, तिने आपली शाल त्या हातावर घट्ट गुंडाळली. सुखदा तिची जिवाभावाची मैत्रीण. पण शाल गुंडाळतानाही मृणालच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता: तोल. याचा तोल गेला कसा?

सुखदाचे वडील, नरसिंह सबनीस, मंत्रालयातले मोठे अधिकारी. त्यांनी मुलीला गाडीत बसवलं आणि दार लावण्याआधी मागे वळून विचारलं, “हे कुणाच्या हिशेबाने उडवलंत?”

रॉकेट बांधणारा विक्रांत, मृणालचा मोठा भाऊ, पांढराफटक पडला होता. त्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मृणालच बोलली.

“माझ्या, काका. हिशेब माझा होता.”

२

सुखदा आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होती. रोज तासन्‌तास ड्रॉइंग बोर्डवर वाकून रेघा मारायच्या, हेच तिचं शिक्षण. तिच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. ऑपरेशन झालं. बोटं पुन्हा वळतील की नाही, ते काही महिन्यांनी कळेल, असं डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटलने पोलिसांना कळवलं होतं. रॉकेटची जबाबदारी कुणाची होती, ते पुढच्या सोमवारी लेखी द्या, असं ठाण्यावरून सांगण्यात आलं.

“मी देतो लिहून,” विक्रांत म्हणाला. “बांधलं मी, उडवलं मी. चूक झाली. बस.”

“काय चूक झाली?”

“यार मृणाल, आता त्याने काय फरक पडतो?”

“मला पडतो, दादा.”

विक्रांत मानेसरला मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. पोलिसात असं लिहून दिलं तर नोकरी राहणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. पण मृणालला झोप लागत नव्हती ती त्याने नाही. तिने नुकतंच फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं होतं. रॉकेट सरळ जायचं तर त्याचा गुरुत्वमध्य पुढे, नाकाकडे हवा, आणि हवेचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू त्याच्या मागे हवा. बाणाचं टोक जड आणि मागे पिसं, तसंच. खऱ्या क्षेपणास्त्राला आतल्या यंत्रणा दिशा देतात, त्यामुळे त्याचे पंख लहान असले तरी चालतं. मॉडेलमध्ये ती सोय नाही. म्हणून विक्रांतने पंख हुबेहूब लहान ठेवल्यावर मृणालने नाकात किती शिसं भरायचं ते काढून दिलं होतं. तिचा आकडा चुकला असेल, तर सुखदाची बोटं तिच्या आकड्याने गेली होती.

पण शुक्रवारी संध्याकाळी चाचणी झाली होती ना! मंडळाच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत. विक्रांतने रॉकेटला बरोबर तोलाच्या जागी दोरी बांधली आणि ते डोक्याभोवती गरगर फिरवलं. तोल बिघडलेलं रॉकेट असं फिरवलं की वेडंवाकडं भेलकांडतं. हे नाक पुढे करून शिस्तीत फिरलं होतं. मृणालने तोलाच्या जागी पेन्सिलने बारीक खूणही केली होती.

त्या वेळी कोण काय म्हणालं ते तिने आठवून पाहिलं. विक्रांतचा मित्र साकेत दिवेकर, गुडगावच्या एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीतला, म्हणाला होता, “नाक फार जड केलंयस बॉस. शिसं काढ, दुप्पट वर जाईल. लिहून देतो.” मंडळाच्या चिटणीस हेमांगीकाकू वाघ म्हणाल्या होत्या, “एवढं केलंत, मग शेपटीवर मंडळाचं नाव घाला की रे!” आणि सुखदाचे आजोबा अण्णासाहेब सबनीस, हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, चष्मा पुसून नुसतं “छान केलंय” म्हणाले होते. सुखदा सगळ्यांचे फोटो काढत होती.

शिसं काढ.

मृणाल उठली. गॅलरीत रॉकेटचे अवशेष पोत्यात भरून ठेवले होते. ती नाकाचा तुकडा घेऊन आली. करवतीचं पातं चालवण्याआधी तिने विक्रांतकडे पाहिलं.

“हे पोकळ निघालं तर साकेतला काय विचारायचं, ठरवून ठेव.”

नाक उभं चिरलं. शिशाचे छर्रे डिंकात जसेच्या तसे बसले होते. एकही हलला नव्हता.

३

दुसऱ्या दिवशी तिने सगळे तुकडे माती झटकून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेले आणि तराजूवर ठेवले. जळून गेलेलं इंजिन वजा केलं, रॉकेट खाली उतरवणारी छत्री आणि तिची दोरी मिळवली. मग पुन्हा मोजलं, कारण उत्तरावर तिचा विश्वास बसेना.

मोडकं रॉकेट शुक्रवारच्या धड रॉकेटपेक्षा जड होतं.

संध्याकाळी विक्रांत कंपनीच्या बसमधून उतरून घरी आला, तेव्हा तिने त्याला बूटही काढू दिले नाहीत. शेपटीचा भाग त्याच्यासमोर धरला. “हा भाग नीट बघ. तू केलास तसाच आहे?”

विक्रांतने अपघातानंतर त्या तुकड्यांना हात लावला नव्हता. आता त्याने शेपटी दिव्याखाली फिरवली. चार पंख नळीला जिथे चिकटले होते, तिथे त्याने अंगठा फिरवला, आणि अंगठा तिथेच थांबला.

“ही गोलाई मी नाही दिली.”

“म्हणजे?”

“मी पंख काटकोनात चिकटवले होते. सांध्यात नुसता डिंक. इथे बघ, सांधा भरून घेतलाय, उतार दिलाय.” त्याने नखाने रंगाचा टवका काढला. खाली राखाडी थर होता. “पुट्टी. गाडीला पोचा पडला की भरतात ना, ती. चारी पंखांना, दोन्ही बाजूंनी. पॉलिश पेपरने घासून वर रंग मारलाय. काम मात्र मानलं पाहिजे, पट्ट्याची कड बघ, ब्लेडने कापल्यासारखी आहे.”

“आणि वजनाला?”

“जडच की! दगडासारखीच समज.”

मृणालच्या डोक्यात तराजूचा काटा स्थिर झाला. नाक कुणी हलकं केलं नव्हतं. कुणीतरी शेपटी जड केली होती.

“दादा, हा रंगही तुझा नाही?”

विक्रांतने शेपटी तिरकी धरली. बाकीचं रॉकेट आरशासारखं चकाकत होतं, पण शेपटीच्या काळ्या पट्ट्यावर दुधाचा ओघळ सुकावा तशी पांढुरकी झाक होती.

“नाही. मी कारखान्यातल्या रंगकामाच्या बंद बूथमध्ये मारला होता, दिव्याखाली सुकवून. हा उघड्यावर मारलाय, थंडीत, धुक्यात. दमट हवेत हा ड्यूको, गाड्यांचा रंग, लावला की असा धुरकटतो. आम्ही धुकं असलं की बूथचा दरवाजासुद्धा उघडत नाही.”

शुक्रवारी चाचणी. रविवारी उड्डाण. मधल्या शनिवारी दिल्लीवर दिवसभर धुकं बसून होतं, आणि रॉकेट मंडळाच्या कुलूपबंद खोलीत होतं.

“बाहेरच्या कुणाला किल्ली मिळणार नाही,” विक्रांत हळूच म्हणाला. “हे आपल्यातल्याच कुणीतरी केलंय.”

४

साकेत तिला तीन दिवस टाळत होता. फोनवर “मीटिंगमध्ये आहे” असं दोनदा ऐकल्यावर ती सरळ त्याच्या गुडगावच्या ऑफिसात गेली. काचेच्या इमारतीसमोर अजून म्हशी चरत होत्या.

“शनिवारी तू मंडळाच्या खोलीत गेला होतास?”

“लाउडस्पीकर आणायला. दुपारी. हेमांगीकाकूंनी उघडून दिलं.”

“रॉकेटला हात लावलास?”

“नाही! अगं, हात कसला लावतोय, थिनरचा इतका वास येत होता की मी नाक धरून बाहेर आलो. मला वाटलं विक्रांतने शेवटचा हात मारलाय.”

“मग माझ्यापासून पळतोयस का?”

साकेतने कॉफीचा कागदी कप चुरगाळला. “दोरी मी वर उचलली होती, मृणाल. सुखदा म्हणाली जवळून फोटो हवाय. मी म्हटलं, चल, आत ये, काही होत नाही. विक्रांत ओरडत होता सगळे मागे व्हा म्हणून.” त्याचा आवाज बारीक झाला. “हे सोमवारी सांगायचं का?”

“विचारलं तर सांग.”

“आणि नाही विचारलं तर?”

त्याची भीती खरी होती, पण ती दुसऱ्याच गोष्टीची होती. आणि थिनरचा वास दुपारी होता, म्हणजे काम सकाळीच उरकलं होतं.

हेमांगीकाकू मंडळाच्या खोलीत डबे धूत होत्या. “शनिवारी सकाळी? कोणी नाही गं आलं. किल्ली माझ्या पदराला. मी आले, लाडू वळायला पातेली काढली आणि गेले.”

“अगदी कोणीही नाही?”

“कोणी नाही म्हटलं ना! शेपटीवर नाव घालायचं मी सुचवलं तर विक्रांत नाही म्हणाला, म्हणून मी ब्रश घेऊन बसले असं वाटतं का तुला? मला सरळ रांगोळी येत नाही.”

“काकू, तसं नाही. पण खोली उघडी होती का तेव्हा?”

“उघडी कशाला असेल? म्हणजे, होती. अण्णासाहेबांनी उघडली होती. त्यांच्याकडे दुसरी किल्ली असते ना, गणपतीच्या सामानाची. ते काय, आपलेच. त्यांना काय मोजायचं?”

मृणालचा हात डब्याच्या झाकणावर थबकला.

“काय करत होते ते?”

“बसले होते खिडकीशी, गणपतीचं सामान पुसत असतील. मी म्हटलं थंडी आहे, खिडकी लावा. तर म्हणाले, असू दे.”

खिडकी उघडी. बाहेर धुकं. आत थिनर.

आणि ज्यांना कुणी मोजत नव्हतं, ते सुखदाचे सख्खे आजोबा होते.

५

हे मनाला पटेना. मृणाल अण्णासाहेबांना लहानपणापासून ओळखत होती. दरवर्षी मंडळाच्या गणपतीचे डोळे तेच आखत. मूर्तीसमोर बसायचे, करंगळी टेकवायचे आणि एका श्वासात भुवईची रेघ ओढायचे. नातीच्या मंडळाचं रॉकेट, नातीचे मित्र. त्यांनी का बिघडवावं?

सुखदा घरी आली होती. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून ती पलंगावर बसली होती, आणि डाव्या हाताने चमच्याने वरणभात खायचा प्रयत्न करत होती.

“भरवू?”

“गप गं. सांडलं तर सांडलं.” दोन घास खाऊन तिने चमचा ठेवला. “बाबा म्हणतात तुझ्यामुळे झालं. खरं का?”

“माहीत नाही. शोधतेय.”

“मग लवकर शोध. तुझ्यावर रागवायचं की नाही हे ठरवायला बरं.” ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. “कॅमेऱ्यातला रोल धुवून आण. काही उपयोग झाला तर बघ. निदान माझा शेवटचा फोटो तरी बरा आलाय का कळेल.”

“शेवटचा कशाला?”

“कॅमेरा उजव्या हाताचा असतो, मॅडम.”

मुनीरका मार्केटच्या स्टुडिओत रोल धुवून मिळाला. मृणालने रस्त्यावरच पाकीट फाडलं. शुक्रवारचा फोटो: रॉकेट टेबलावर, पंख काटकोनात, शेपटीला काळा पट्टा. मागे सगळे हसताहेत. फक्त अण्णासाहेब हसत नव्हते. ते वाकून शेपटीकडे पाहत होते, छापील पानात चूक सापडावी तसे. रविवारचा फोटो: रॉकेट सळईवर, पंखांच्या बुडाशी गोलाई.

आणि आणखी एक गोष्ट, जी तुकड्यांवरून कळलीच नव्हती. काळा पट्टा रविवारी बोटभर वर सरकला होता. जुना पट्टा पांढऱ्या रंगाने झाकून नवा आखला होता.

मृणाल वाहनांच्या गोंगाटात तशीच उभी राहिली. पुट्टीने तोल जातो. पट्टा सरकवून कुणाचं काय बिघडणार होतं?

६

बिघडवणारा माणूस कष्ट घेत नाही. त्याने नाकातलं शिसं काढलं असतं, पंख सैल केला असता, पाच मिनिटांत काम झालं असतं. इथे कुणीतरी सकाळभर थंडीत बसून पुट्टी भरली होती, घासली होती, आणि पट्ट्याची कड इतकी सुरेख मारली होती की विक्रांतसारखा माणूस ते काम मानत होता. हे बिघडवणं नव्हतं. ही दुरुस्ती होती.

पण कशाबरहुकूम?

मृणालने कॉलेजच्या वाचनालयात बसून प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचे जितके फोटो मिळाले तितके शोधून काढले. विक्रांतनेही त्यांवरूनच नकाशा केला होता. प्रत्येक फोटोत क्षेपणास्त्र ट्रकवर आडवं होतं, आणि प्रत्येक फोटोत शेपटी ट्रकच्या लोखंडी चौकटीत दडलेली होती, वर ताडपत्री आवळलेली. पंखांची टोकं तेवढी दिसत होती. त्यांची बुडं आणि तो पट्टा विक्रांतने अंदाजाने काढले होते.

मग चूक कुणाला दिसणार? ज्याने ताडपत्रीखालची शेपटी उघडी पाहिली आहे, त्यालाच. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा, बोट फिरवून.

आणि चूक दिसल्यावर माणूस काय करतो? साकेतने दहा वेळा बोलून दाखवली असती. हेमांगीकाकूंनी सभेत मांडली असती. ज्याला बोलून दाखवायची बंदी आहे, तोच “छान केलंय” म्हणतो आणि गुपचूप ब्रश उचलतो.

हिशेब खात्यातला कारकून. अण्णासाहेब कितीतरी वर्षं दक्षिणेत, क्षेपणास्त्रं बनतात तिकडे बदलीवर, आणि कुटुंब दिल्लीतच ठेवलेलं. ‘आजोबांच्या ऑफिसात म्हणे इतक्या फायली, की त्यांना आम्हाला तिकडे न्यायला कधी वेळच नाही मिळाला,’ असं सुखदा थट्टेने सांगायची. पातळ रेघ मारताना श्वास रोखायचा, हे तिला शाळेत असताना आजोबांनीच शिकवलं होतं. फायलींवर जन्म काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवलं असेल, असा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नव्हता.

वाचनालयातून बाहेर पडताना मृणालला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिचा हिशेब बरोबर होता. विक्रांत सुटणार होता. पण बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की अण्णासाहेबांना यातलं काहीच ठाऊक नसेल. आपण एक चूक सुधारली, एवढंच ते समजत असतील.

ते त्यांना आता तिने सांगायचं होतं.

७

रविवारची दुपार. सबनीसांच्या क्वार्टरमागच्या हिरवळीच्या तुकड्यावर ऊन पडलं होतं. अण्णासाहेब खुर्चीत मटार सोलत बसले होते. नरसिंहकाका बाहेर गेले होते.

मृणालने दोन्ही फोटो परातीच्या कडेला ठेवले.

अण्णासाहेबांनी चष्मा वर केला, फोटो पाहिले. मग हातातली शेंग सोलून पुरी केली.

“मी हिशेब खात्यात होतो, बेटा. कारकून.”

“हो, अण्णासाहेब. मी ते विचारायला आलेच नाही.”

शेजारच्या क्वार्टरमध्ये कुणीतरी टीव्हीचा अँटेना फिरवत होतं आणि आतून “आया, आया, बस!” अशी हाक येत होती.

“मी तुझं म्हणणं खोडत नाही,” अण्णासाहेब अखेर म्हणाले. “यापुढे मला काही बोलता येणार नाही. निवृत्त झालो तरी येत नाही. पण समोर चूक असावी, पोरांनी एवढं जीव लावून केलेलं असावं, आणि तोंड उघडता येऊ नये, हे कसं असतं तुला नाही कळायचं.” मग ते थोडे हसले. “चार चमचे पुट्टी, बाकी काय? विक्रांतच्याही लक्षात आलं नाही ना?”

म्हणजे खरंच त्यांना माहीत नव्हतं.

“अण्णासाहेब, त्याने तोल गेला.”

“कशाने?”

“पुट्टीने. शेपटी जड झाली. खऱ्याला चालतं. आपल्याला नाही चाललं.”

त्यांच्या हातातली शेंग परातीत पडली. चेहरा हलला नाही. जन्मभर चेहरा न हलवायची सवय असलेला माणूस होता तो.

“गुरुत्वमध्य किती सरकला?”

तिला थोडं कमी सांगता आलं असतं. वाऱ्याचंही नाव घेता आलं असतं, इंजिनाचंही. तिने आकडा दोनदा तपासला होता.

“अडीच सेंटिमीटर.”

“आणि तुझ्या हिशेबात किती सरकायला जागा होती?”

“तेवढीच.”

अण्णासाहेबांनी मान डोलावली, एखाद्या तपासनिसाचा अहवाल ऐकावा तशी. मग त्यांनी परातीत पडलेली शेंग उचलून बाजूला ठेवली.

“उद्या विक्रांत लिहून देणार ना?”

“हिशेबात चूक झाली, असं.”

“ते लिहायचं नाही. मी जाईन ठाण्यावर.” ते थांबले. “पण तिथे विचारतील, का लावलीत. मग, शेपटीला तिथे काय असतं ते तुम्हाला कसं माहीत, असंही विचारतील.”

मृणालने हे येतानाच सोडवून ठेवलं होतं. तिला ते सोपं वाटलं होतं. “सांगा की शोभेसाठी लावली. छान दिसावं म्हणून. कुणी पुढे विचारणार नाही.”

“ते खोटं होईल.”

“पण दुसरं काही फुटणार नाही.”

मागचं जाळीचं दार उघडलं. सुखदा बाहेर आली, गळ्यातला हात सांभाळत. “काय चाललंय दोघांचं? मृणाल, सापडलं का काही?”

मृणाल उत्तर द्यायच्या आत अण्णासाहेब उभे राहिले. मटाराच्या साली त्यांच्या मांडीवरून गवतावर सांडल्या.

“सुखी, मृणालचा हिशेब बरोबर होता. विक्रांतचंही काही चुकलं नाही. शनिवारी मी रॉकेटच्या शेपटीला पुट्टी लावली. त्याने ते फिरलं.”

सुखदा आधी हसली. मग तिने मृणालच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू ओसरलं.

“तुम्ही? का पण?”

अण्णासाहेब काही क्षण नातीच्या प्लास्टरकडे पाहत राहिले.

“छान दिसावं म्हणून.”

“छान दिसावं म्हणून,” सुखदा म्हणाली. “कुणाला न विचारता?”

“हो.”

“नुसतं छान दिसावं म्हणून, आजोबा?”

मृणालच्या जिभेवर सगळं आलं होतं. तिनेच सुचवलेलं वाक्य होतं ते, आणि ते पोलिसांसाठी होतं. ते या घरात कसं ऐकू येईल, याचा हिशेब तिने केला नव्हता. तिने अण्णासाहेबांकडे पाहिलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

“हो,” ते म्हणाले.

सुखदा वळली. जाळीच्या दाराची कडी मागे आपोआप पडली होती आणि ती उजव्या हाताच्या बाजूला होती. ती डाव्या हाताने कडी उचलू लागली. कडी घट्ट होती. ती निसटली, तिने पुन्हा धरली, पुन्हा निसटली. मागे उभ्या असलेल्या दोघांपैकी एकालाही पुढे होऊन दार उघडून द्यायचा धीर झाला नाही.